शत्रूसाठी केलेला कायदा

हर्बर्ट हूव्हर यांची बाजू घेणारा मनुष्य सहसा भेटत नाही. १९२९ नंतरच्या महामंदीचे सारे पाप त्यांच्या माथी मारून लोक मोकळे झाले, आणि मागून आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या तेजापुढे हूव्हरांचे नाव पार काळवंडून गेले. परंतु १९३३ च्या मार्चमधील पहिल्या आठवड्याची हकीकत बारकाईने पाहू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. ज्या जाहीरनाम्याने रूझवेल्टांनी अमेरिकेतील एकूण एक बँका बंद केल्या, त्याचा मसुदा हूव्हरांच्या कारकिर्दीतच तयार झालेला होता. कायदा तोच, अधिकारी तेच. सही तेवढी निराळी.

त्या काळी नवा अध्यक्ष नोव्हेंबरात निवडून येई आणि अधिकारावर मात्र ४ मार्चला बसे. एरवी हे चार महिने मेजवान्यांत आणि नेमणुकांच्या घासाघिशीत निघून जात. १९३३ च्या आरंभी त्याच मुदतीत देशाचा प्राण कंठाशी आला. १४ फेब्रुवारीला मिशिगनच्या गव्हर्नरने राज्यातील बँका बंद केल्या, आणि शेजारच्या राज्यांतील ठेवीदारांच्या पोटात गोळा उठला. आज मिशिगन, उद्या आपण! जो तो रांगेत उभा राहून आपली ठेव काढू लागला. ज्यांना अधिक कळत होते ते नोटांऐवजी सोने मागू लागले. ४ मार्चची पहाट उजाडण्यापूर्वीच न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांनीही बँकांना टाळी ठोकली होती.

उपाय काय? वॉशिंग्टनमधील कायदेपंडितांनी जुन्या बासनांतून १९१७ सालचा एक कायदा हुडकून काढला होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीशी चालणारा व्यापार तोडण्यासाठी तो केलेला. त्याच्या पाचव्या कलमात परदेशी हुंडणावळ, सोन्याची निर्यात आणि साठेबाजी यांना आळा घालण्याचा अधिकार अध्यक्षाला दिलेला होता. पण युद्ध संपून चौदा वर्षे लोटली होती. कायदा हयात होता की त्याचे नुसते कलेवर उरले होते? हूव्हरांचे अ‍ॅटर्नी जनरल विल्यम मिचेल यांना त्याची शंका वाटत होती. म्हणून हूव्हर म्हणत, रूझवेल्टांनी जाहीरपणे पाठिंबा द्यावा, मग मी सही करतो. आणि रूझवेल्ट म्हणत, अधिकार ज्याच्या हाती आहे त्याने तो वापरावा. माझ्या हाती आला की माझे मी पाहीन.

दोघांपैकी कोणाला दोष द्यावा? १८ फेब्रुवारीला हूव्हरांनी रूझवेल्टांना स्वहस्ते पत्र लिहिले. परंतु त्यात मागितलेली आश्वासने दिली तर रूझवेल्टांना आपला नवा कार्यक्रम जवळजवळ सोडूनच द्यावा लागेल, हे हूव्हरांनी एका सिनेटरला स्वतःच कळविले होते. हे सहकार्य नव्हते, ही शरणचिठ्ठी होती. उलट, रूझवेल्टांनी उत्तर धाडण्यास जवळपास दोन आठवडे लावले, आणि त्या दोन आठवड्यांत गरिबांच्या ठेवी बुडत राहिल्या, हेही विसरता येत नाही. माझ्या मते या एका बाबतीत हूव्हर जितके भित्रे ठरविले गेले तितके ते नव्हते, आणि रूझवेल्ट जितके निर्मळ ठरविले गेले तितके तेही नव्हते.

दैवाची गंमत पाहा. रूझवेल्टांनी अ‍ॅटर्नी जनरल म्हणून निवडलेले सिनेटर टॉमस वॉल्श शपथविधीला येत असता २ मार्चला आगगाडीतच वारले. त्यांच्या जागी आयत्या वेळी होमर कमिंग्ज यांना बसविण्यात आले, आणि जुना कायदा अजून जिवंत आहे असा निर्वाळा त्यांनी दिला. ४ तारखेच्या भाषणातच रूझवेल्टांनी सूचना देऊन ठेवली होती. काँग्रेस कमी पडली, तर परचक्र आल्यावर अध्यक्षाला जे अधिकार मिळतील तेच या संकटाशी लढण्यासाठी आपण मागू, असे ते म्हणाले. युद्धाचा कायदा हाती घ्यावयाचा तर आधी युद्धाची भाषा करावी लागते. रविवारी, ५ मार्चच्या रात्री उशिरा, जाहीरनामा निघाला. तो पुरा करण्याच्या कामी हूव्हरांचे अर्थमंत्री ऑग्डेन मिल्स हे नवे अर्थमंत्री वुडिन यांच्या शेजारी बसले होते. पराभूत पक्षाच्या माणसांनी दाखविलेली ही निष्ठा मला त्या आठवड्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

९ मार्चला काँग्रेस भरली. विधेयकाच्या छापील प्रती सभासदांच्या हाती पडल्याच नव्हत्या. ते वाचून दाखविण्यात आले. प्रतिनिधिगृहात चाळीस मिनिटांची चर्चा, सिनेटमध्ये ७३ विरुद्ध ७ मते, आणि रात्री अध्यक्षांची सही. ४ मार्चपासून अध्यक्षांनी जे जे केले ते सारे त्यात कायदेशीर ठरविले. आणि पाचव्या कलमात युद्धकाळाच्या जोडीला अध्यक्ष जाहीर करील अशी कोणतीही राष्ट्रीय आणीबाणी घातली गेली. हा फरक त्या दिवशी किती जणांच्या ध्यानात आला असेल, देव जाणे!

१२ मार्चच्या रविवारी रूझवेल्ट रेडिओवर बोलले. बँक ठेवीचे पैसे तिजोरीत कोंडून ठेवीत नाही, ते धंद्यात गुंतविते, इतके साधे त्यांनी समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी बँका उघडू लागल्या आणि आठवड्यापूर्वी पैसे काढणारेच आता भरण्यासाठी रांगा लावून उभे राहिले. काही बँका कधीच उघडल्या नाहीत, तरी घबराट थांबली ती थांबलीच. तेव्हा कायद्याचा काथ्याकूट करीत बसणे शहाणपणाचे झाले असते असे मीही म्हणणार नाही.

पण हाती आलेले शस्त्र म्यान झाले नाही. ५ एप्रिलला त्याच कलमाखाली हुकूम सुटला की १ मेपर्यंत प्रत्येकाने आपली सोन्याची नाणी, लगडी आणि सुवर्णपत्रे सरकारजमा करावीत. शंभर डॉलरपर्यंतची नाणी जवळ ठेवण्यास मुभा. मोडणाऱ्यास दहा हजार डॉलर दंड, दहा वर्षांची कैद, अथवा दोन्ही. औंसामागे २० डॉलर ६७ सेंट या दराने लोकांना कागद मिळाला. पुढे ३१ जानेवारी १९३४ रोजी अध्यक्षांनी सोन्याचा भाव ३५ डॉलर ठरविला, आणि सुमारे २८० कोटी डॉलरचा नफा सरकारच्या पदरात पडला. मधल्या काळात सरकारी खरेदीचा भाव रोज सकाळी रूझवेल्टांच्या बिछान्याशेजारी ठरत असे. एके दिवशी त्यांनी एकवीस सेंटांची वाढ सुचविली, कारण एकवीस म्हणजे तीन साते, शुभ आकडा! ही गोष्ट पुढे अर्थमंत्री झालेल्या मॉर्गेन्थाऊ यांनीच रोजनिशीत नोंदविली आहे.

(आपल्याकडे १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले तेही भारत संरक्षण नियमांखाली, चिनी आक्रमणाच्या सावलीत. चौदा कॅरटच्या दागिन्यांनी सोनारांच्या घरच्या चुली थंड केल्या. सोन्यावर हात टाकताना सरकारला युद्धाचा कायदा सोयीचा वाटतो, एवढाच येथे संबंध.)

न्यायालये अगदीच मुकी नव्हती. एका वकिलावर खटला झाला तेव्हा न्यायमूर्ती वूल्सी यांनी तो हुकूम अवैध ठरविला. कारण इतकेच की सही अर्थमंत्र्याची हवी होती, अध्यक्षांची नव्हे. सरकारने रीतसर सही करून नवा हुकूम काढला. फेब्रुवारी १९३५ मध्ये सोन्यात फेड करण्याच्या करारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा सरकार पाच विरुद्ध चार मतांनी तरले. निकाल विरुद्ध गेला असता तर तो मानावयाचा नाही असे सांगणारे भाषण रूझवेल्टांनी तयार ठेवले होते. ते वाचण्याची पाळी आली नाही.

अमेरिकन नागरिकाला सोने बाळगण्याची पुन्हा मोकळीक मिळाली ती ३१ डिसेंबर १९७४ रोजी. त्याच्या आदल्या वर्षी सिनेटच्या एका समितीला आढळले की ९ मार्च १९३३ पासून देश अखंड आणीबाणीतच आहे. कोणी ती उठविलीच नव्हती! (१९७५ नंतर हा शब्द आपल्या कानाला निराळा लागतो, हे खरे.) १९७१ साली निक्सन यांनी आयातीवर दहा टक्के अधिभार बसविला, त्याच्या समर्थनासाठी सरकारी वकिलांनी न्यायालयात अखेर हेच पाचवे कलम पुढे केले. १९७६ मध्ये काँग्रेसने जुन्या आणीबाण्यांतील अधिकार दोन वर्षांत संपतील असे ठरविले, पण त्यातून वगळलेल्या कलमांत हे कलम होतेच. १९७७ अखेर ते पुन्हा युद्धापुरते राखले गेले आणि शांततेतील आणीबाणीसाठी वेगळा कायदा झाला. त्यात आयातीच्या नियमनाचे शब्द जुन्या कलमातूनच आले. एप्रिल २०२५ मध्ये व्यापारातील तूट ही राष्ट्रीय आणीबाणी असल्याचे जाहीर करून अध्यक्ष ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर जकाती बसविल्या त्या याच १९७७ च्या कायद्याच्या आधारे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे वाद झाला तेव्हा न्यायमूर्तींनी वकिलांना निक्सन यांच्या अधिभाराविषयी खोदून खोदून विचारले.