घरच्या दुर्बिणीतून तेजोमेघांचे इन्फ्रारेड फोटो काढता येतात का?

जेम्स वेब टेलिस्कोपने टिपलेले तेजोमेघांचे फोटो व्हायरल झाले की अनेक हौशी आकाशनिरीक्षकांना प्रश्न पडतो, असे इन्फ्रारेड फोटो आपल्यालाही काढता येतील का? याचं उत्तर आहे 'हो', पण ते वेबसारखे दिसणार नाहीत. फिल्टरवर पैसे खर्च करण्याआधी यामागचं कारण समजून घ्यायला हवं.

कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिसतं का?

माणसाच्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्यातला सिलिकॉन सेन्सर मात्र जवळपास १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपू शकतो. फोटोतले रंग बिघडू नयेत म्हणून साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरसमोर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. तो काढून घेता येतो, पण मग वॉरंटी जाऊ शकते. आकाशछायाचित्रणासाठीच्या मोनोक्रोम कॅमेऱ्यात बहुतेक वेळा असा फिल्टर नसतो.

मग वेबसारखा फोटो का येत नाही?

वेबची उपकरणं २८ मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे २८,००० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपतात. घरचा कॅमेरा १.१ मायक्रॉनपाशीच थांबतो. त्यामुळे थंड धुळीची स्वतःची चमक त्याला दिसत नाही.

फोटोत नेमकं काय दिसतं?

तेजोमेघांचा प्रसिद्ध लाल रंग हायड्रोजन वायूचा असतो. तो ६५६.३ नॅनोमीटरवर चमकतो, म्हणजे हा प्रकाश इन्फ्रारेड नसून दृश्यच आहे. इथेच अनेकांची गल्लत होते. इन्फ्रारेड फिल्टर लावला की हा लाल प्रकाश अडतो आणि तेजोमेघ फिका पडतो.

पण लांब तरंगलांबीचा प्रकाश धुळीत कमी विखुरतो. त्यामुळे धुळीआड लपलेले तारे दिसू लागतात. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ 'फ्लेम नेब्यूला' आहे. त्याच्या मधल्या काळ्या पट्ट्यामागे तरुण ताऱ्यांचा समूह दडला आहे. तोच फोटो आधी साध्या आणि मग इन्फ्रारेड प्रकाशात काढला, तर हा फरक लक्षात येतो.

काय काय लागतं?

- दुर्बीण: आरशाची असेल तर उत्तम. आरसा सगळ्या तरंगलांबी एकाच ठिकाणी केंद्रित करतो, भिंगाच्या दुर्बिणीत मात्र फोकस सरकतो.
- फिल्टर: साधारण ७०० ते ८५० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश आत सोडणारा.
- माउंट: आकाशाच्या गतीबरोबर फिरणारा. इन्फ्रारेडमध्ये सेन्सरची क्षमता घटते, त्यामुळे जास्त वेळ एक्स्पोजर द्यावं लागतं.
- सॉफ्टवेअर: अनेक फोटो एकत्र करून नॉइज कमी करण्यासाठी.

फोटोतले रंग खरे असतात का?

नाही. इन्फ्रारेडला आपल्या डोळ्यांसाठी रंगच नसतो. मूळ फोटो कृष्णधवल असतो. वेगवेगळ्या फिल्टरमधून काढलेल्या फोटोंना नंतर रंग दिले जातात. वेबच्या फोटोंचंही तसंच असतं.

ही चूक करू नका

इन्फ्रारेड फिल्टर काळाकुट्ट दिसला, तरी तो सोलर फिल्टर नाही. तो लावून सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळ्यांना न दिसणारे किरण त्यातून आरपार जातात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.