वजाबाकीतील ‘उसना’ दशक : एका उपपत्तीचा इतिहास

५२ मधून २७ वजा करावयाचे आहेत. २ मधून ७ जात नाहीत. या ठिकाणी शिक्षक जे शब्द उच्चारतो, त्यांवर मुलाला स्थानमूल्य उमगले की केवळ रीत पाठ झाली, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. या शब्दांना स्वतःचा इतिहास आहे आणि तो आपण समजतो त्याहून बराच गुंतागुंतीचा आहे.

प्रचलित रीती मुख्यतः दोन. पहिलीत वियोज्यातील एक दशक मोडून त्याचे दहा एकक करावयाचे. मग ५२ म्हणजे ४ दशक व १२ एकक होतात. दुसरीत वरच्या एककांत १० व खालच्या दशकांत १ मिळवावयाचा. दोन्ही संख्या सारख्याच वाढल्याने अंतर बदलत नाही. उत्तर दोहोंतही २५ च येते. परंतु पहिलीत संख्येची फक्त मांडणी बदलते. दुसरीत दोन्ही संख्याच बदलतात आणि अंतर मात्र राखले जाते. ही दोन तत्त्वे भिन्न आहेत. मराठीतील ‘हातचा’ हा सोयीचा शब्द मात्र दोहोंवरही पांघरूण घालतो.

भारतीय परंपरेकडे वळताना प्रथम ‘लीलावती’चे स्मरण होते. इ. स. ११५० च्या या ग्रंथात भास्कराचार्यांनी वजाबाकीची रीत अत्यंत थोडक्यात सांगितली आहे : अंकांचे अंतर त्यांच्या त्यांच्या स्थानानुसार, क्रमाने किंवा उत्क्रमाने घ्यावे. कारण दिलेले नाही. उदाहरण मात्र मार्मिक आहे. २, ५, ३२, १९३, १८, १० व १०० यांची बेरीज ३६० येते. ती अयुतातून, म्हणजे १०,००० मधून, वजा करावयाची आहे. वियोज्यात एकापुढे एक शून्ये असल्यामुळे विद्यार्थ्याला अवघड जागा टाळताच येत नाही.

हे कारण शब्दांत मांडण्याचे काम टीकाकारांकडे आले. गोदावरीच्या परिसरातील पार्थपूर, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी, येथील ज्ञानराजाचा पुत्र सूर्यदास याने इ. स. १५४१ च्या सुमारास ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ ही टीका लिहिली. दशकस्थानच्या शून्यातून ६ जात नाहीत, म्हणून दहा घेऊन त्यांतून ६ वजा करावे, शेष ४ मांडावे आणि ते दहा पुढील स्थानातून कमी करावे, असे त्याचे विवेचन आहे. पुढील स्थानीही काही नसेल तर ही वजावट शेवटच्या अंकापर्यंत नेत जावी. याची उपपत्ती तो अशी देतो की, स्थाने उत्तरोत्तर दसपट असतात; नऊपर्यंतच्या संख्या एकाच स्थानात मावतात, स्थानभेद दहापासून सुरू होतो. येथे उसनवारी नाही, परतफेडही नाही. पुढील स्थानातील एक म्हणजेच या स्थानातील दहा, एवढेच विधान आहे, आणि ते पुरेसे आहे.

एवढ्यावरून आधुनिक बालशिक्षण आपल्याकडे सोळाव्या शतकातच होते, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. या टीका ज्योतिषाध्ययन करणाऱ्या, संस्कृत जाणणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी होत्या. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला, हे तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखावरून कळते. तो मठही सहा-सात वर्षांच्या बालकांचा नव्हे. उपपत्ती होती, ती धुळपाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या मुलापर्यंत पोहोचली होती, असे मानण्यास या ग्रंथांत आधार नाही.

युरोपातील अंकगणितात दुसऱ्या रीतीला मोठा मान होता. इंग्रजीतील ‘उसने घेणे’ आणि ‘परत देणे’ ही जोडी तिच्याशीच निगडित आहे : वर दहा घेतले, खाली एक फेडला. पुढे दशक मोडण्याच्या रीतीलाही ‘उसने घेणे’ हेच नाव चिकटले आणि परत देणे तेवढे गळून पडले. उसने घेतलेले कोणाला, केव्हा द्यावयाचे, अशी शंका एखाद्या मुलाला आली तर तिला मंदबुद्धी म्हणता येणार नाही. ती भाषेची चिकित्साच होय.

विसाव्या शतकात हा वाद प्रयोगाच्या कक्षेत आला. लंडनमध्ये फिलिप बॅलर्ड यांनी १९१४ मध्ये आणि अमेरिकेत जे. टी. जॉन्सन यांनी १९३८ मध्ये केलेल्या तुलनांत वेग व अचूकता या बाबतींत समान मिळवणीची रीत सरस ठरली. मग ती मागे का पडली? विल्यम ब्राउनेल व हॅरोल्ड मोझर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसरीच्या सुमारे १,४०० मुलांचे चार गट केले होते. दोन रीती, आणि प्रत्येक रीत एका गटाला कारणांसह, दुसऱ्याला यांत्रिकपणे. कारणे सांगून शिकविलेली दशक मोडण्याची रीत आकलनात व नव्या उदाहरणांत श्रेष्ठ ठरली. यांत्रिक शिक्षणात मात्र समान मिळवणीचे पारडे जड राहिले. यानंतर अमेरिकेत दशक मोडण्याच्या रीतीचाच प्रसार झाला. खेदाची गोष्ट ही की, पुष्कळ ठिकाणी रीत तेवढी उचलली गेली आणि जिच्या बळावर ती जिंकली होती ती कारणमीमांसा वर्गाबाहेर राहिली.

त्याचे परिणाम जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन यांच्या १९७८ च्या अभ्यासातून स्पष्ट होतात. मुलांच्या चुका निष्काळजीपणाच्या नसून बहुधा नियमबद्ध असतात, असे त्यांनी दाखविले. ५२ वजा २७ चे उत्तर ३५ लिहिणारे मूल प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान अंक वजा करीत असते. वियोज्यात शून्य आले की अशा सदोष नियमांना विशेष ऊत येतो. भास्कराचार्यांचे उदाहरण नेमके तेथेच बोट ठेवते!

शब्दांचा प्रश्न १९९९ मध्ये लिपिंग मा यांच्या ग्रंथाने पुन्हा पुढे आणला. त्यांनी २३ अमेरिकन व ७२ चिनी शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. अमेरिकन शिक्षकांपैकी बहुतेकांचा भर उसने घेण्याच्या कृतीवर होता. चिनी शिक्षकांपैकी बहुतेक जण वरच्या स्थानाचे एकक सुटे करण्याची भाषा बोलत होते आणि एक दशक म्हणजे दहा एकक या संबंधावर थांबत होते. मराठीत ‘सुटे करणे’ हा प्रयोग बाजारातल्या नाण्यानोटांमुळे मुलाच्या कानावरून आधीच गेलेला असतो. दहाची नोट सुटी केल्यावर ती कोणाला परत द्यावी लागत नाही, हे त्याला शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते.