रियासतकार सरदेसाई : एका गृहस्थाची संसारयात्रा

आपल्या ज्ञातीत जे नामवंत पुरुष होऊन गेले, त्यांपैकी बहुतेकांचे चरित्र लिहिणाऱ्यास सांगण्याजोगे प्रसंग विपुल सापडतात. कोणी सभा गाजविल्या, कोणी कारावास सोसला, कोणी देणग्या देऊन वास्तू उभारल्या. कै. रावबहादूर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या ९४ वर्षांच्या आयुष्यात असे प्रसंग शोधावयास गेले तर हाती फारसे काही लागत नाही. ३६ वर्षे एका संस्थानाची नोकरी, त्यानंतर मावळातील एका लहानशा गावी वास्तव्य, आणि या दोन्ही काळांत अखंड चाललेले वाचन व लेखन, एवढाच त्यांचा बाह्य वृत्तांत. उत्तरायुष्यात, १९५६ साली, त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले व त्यास 'माझी संसारयात्रा' असे नाव दिले. ज्याने मराठ्यांच्या राज्याचा समग्र इतिहास प्रथम मराठी वाचकांच्या हाती दिला, त्याने आपल्या आयुष्यास इतिहासयात्रा न म्हणता संसारयात्रा म्हणावे, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. प्रस्तुत लेखात रियासतकारांच्या ग्रंथांपेक्षा त्या ग्रंथांमागे असलेल्या गृहस्थाचे स्मरण करावे असा आमचा हेतू आहे.

१७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती सामान्य शेतकऱ्याची. शिपोशी येथे प्राथमिक शिक्षण, रत्नागिरीस हायस्कूल, पुढे पुण्यास फर्ग्युसन व मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेज, असा कोकणातील हुशार मुलांचा त्या काळचा ठरलेला मार्ग त्यांनी चोखाळला. १८८८ साली पदवी मिळाली आणि १८८९ च्या आरंभी ते बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले.

हे काम वाचकाचे होते. महाराजांस ग्रंथ वाचून दाखवावयाचे, त्यांतील मर्म सांगावयाचे, शंका निघाल्यास दुसरे ग्रंथ पाहून उत्तर तयार ठेवावयाचे. पुढे राजपुत्रांच्या शिक्षणाचे कामही त्यांजकडे आले. वरवर पाहता ही दरबारी चाकरीच. परंतु सयाजीरावांसारखा चौकस धनी आणि सरदेसायांसारखा मुकाट्याने काम करणारा सेवक यांची गाठ पडल्याने त्या चाकरीतून एक निराळेच फळ निघाले. मॅकियाव्हेलीचा राजनीतीवरील प्रसिद्ध ग्रंथ त्यांनी याच काळात मराठीत आणला. राजपुत्रांस हिंदुस्थानचा इतिहास शिकवावयाचा तर मराठीत सलग असा ग्रंथच नव्हता. म्हणून शिकविण्यासाठी टिपणे काढावयाची, ती वाढवीत न्यावयाची, असे चालले आणि त्या टिपणांतूनच १८९८ साली 'मुसलमानी रियासत' बाहेर पडली. १९०२ पासून 'मराठी रियासत' निघू लागली व पुढे तीस वर्षे तिचे भाग येत राहिले. 'ब्रिटिश रियासत' ही त्यानंतरची. 'रियासत' हा फारसी वळणाचा शब्द त्यांनी निवडला आणि तो लोकांच्या तोंडी इतका बसला की पुढे ग्रंथकर्त्याचे आडनाव घेण्याची गरज उरली नाही. रियासतकार म्हटले की पुरे.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ज्या १८९८ साली 'मुसलमानी रियासत' निघाली, त्याच साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. दोघे जवळजवळ एका वयाचे. राजवाड्यांची पत्नी लवकर वारली, त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळीत, कडाडून वाद घालीत त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचे तेज असामान्य होते यात शंका नाही. परंतु आमच्या मनात असे येते की, इतिहासाची सेवा अशी सर्वस्व सोडूनच करावी लागते ही समजूत राजवाड्यांच्या उदाहरणाने महाराष्ट्रात जरा अधिकच दृढ झाली. सरदेसायांनी नोकरी सोडली नाही, घर सोडले नाही, मुलांची शिक्षणे टाळली नाहीत. दरबारच्या कामातून उरलेल्या वेळात त्यांनी लिहिले. अशा उरलेल्या वेळेची बेरीज चार दशकांत किती होते, हे रियासतीचे खंड एका ओळीत मांडून पाहिले म्हणजे कळते.

त्यांच्या लेखनात दोष नाहीत असे नाही. रियासतीचा कर्ता संशोधकापेक्षा संग्राहक अधिक, असा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला आणि त्यात तथ्यही आहे. नवे कागद जसजसे बाहेर आले तसतशी जुनी विधाने मोडली आणि त्यांस स्वतःसही भाग पुन्हा लिहावे लागले. परंतु विरोधी मताविषयी त्यांची वृत्ती कशी होती याचे एक उदाहरण पुरेसे आहे. रियासतीतील नानासाहेब पेशव्यांवरील भागास प्रस्तावना लिहिण्यासाठी त्यांनी त्र्यंबक शंकर शेजवलकर यांस पाचारण केले. शेजवलकर तेव्हा तरुण व अत्यंत परखड. त्यांनी प्रस्तावनेत नानासाहेबांच्या कारभाराची जी झडती घेतली ती ग्रंथकर्त्याच्या मतांशी जुळणारी नव्हती. सरदेसायांनी ती प्रस्तावना आपल्याच ग्रंथाच्या तोंडी छापली. आपल्या घरात आपल्यापेक्षा निराळे बोलणाऱ्या तरुणास पाट मांडून बसविणारे वडीलधारे पुरुष त्या पिढीत किती होते, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता त्यांच्या संसाराकडे वळू. त्यांस दोन मुलगे होते आणि दोघेही त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. श्यामकांत हा रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात शिकलेला, पुढे उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेलेला, बुद्धिमान व कोमल मनाचा मुलगा. १९२५ साली, भर तारुण्यात, तो मरण पावला. त्याच वर्षी सरदेसाई बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले. मुलाच्या आधारावर उतारवय काढण्याचे दिवस जेव्हा आले तेव्हा मुलगाच राहिला नाही.

पुत्रशोकाने मनुष्य कसा खचतो, हे त्यांस ग्रंथांतून ठाऊक होते. पानिपतावर विश्वासराव पडल्यानंतर काही महिन्यांतच, १७६१ च्या जूनमध्ये, नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देह ठेवला, ती हकीकत त्यांच्याच लेखणीतून उतरलेली होती. शोकावर उतारा म्हणून ते इतिहासात बुडून गेले, असे म्हणण्याचा मोह होतो; परंतु आम्हांस ते पटत नाही. शोकापूर्वी त्यांचे काम ज्या संथ गतीने चालत होते त्याच गतीने ते शोकानंतरही चालले. १९२६ साली पाटणा विद्यापीठात त्यांनी मराठ्यांच्या इतिहासावर व्याख्याने दिली. १९२९ साली मुंबई सरकारने पुण्याच्या पेशवे दप्तराची छाननी करण्याचे काम त्यांजकडे सोपविले, तेव्हा त्यांचे वय ६४ वर्षांचे होते. या दप्तरात मराठी व इंग्रजी मिळून तीस हजारांहून अधिक रुमाल होते. थोड्या साहाय्यकांनिशी ते सोडवून, निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अवधीत त्यांनी छापून काढले.

या कामात त्यांस सुखाने बसू दिले गेले असे मात्र नाही. पुण्यातील काही विद्वानांस हे काम सरदेसायांकडे जाणे रुचले नाही. बडोद्याचा निवृत्त नोकर, सरकारच्या मर्जीतला, त्यातून जदुनाथ सरकारांचा स्नेही! जदुनाथांच्या १९१९ सालच्या 'शिवाजी' या ग्रंथावर महाराष्ट्रात रोष होता व त्याचा वाटा स्नेह्याच्याही पदरी येत असे. निवड घाईने झाली, टीपा अपुऱ्या आहेत, असे आक्षेप आले. काही आक्षेप खरेही होते. परंतु जे कागद तोवर अभ्यासकांस सहजी पाहावयास मिळत नव्हते ते छापील स्वरूपात कोणाही विद्यार्थ्याच्या टेबलावर आले, ही गोष्ट त्या आक्षेपांपेक्षा मोठी आहे.

आणि याच वर्षांत दुसरे एक संपादन त्यांच्या घरात चालले होते. दिवंगत मुलाने लिहिलेली पत्रे त्यांनी जुळवली व १९३४ साली 'श्यामकांतची पत्रे' या नावाने प्रसिद्ध केली. दिवसा पेशवे दप्तरातील मृतांची पत्रे लावावयाची आणि घरी आपल्या मुलाची! एका बापाने हे कसे केले असेल, याची कल्पना करणेही आम्हांस जड जाते. पुस्तक निघाल्यावर मात्र ते त्यांचे एकट्याचे राहिले नाही. घर सोडून दूर गेलेला मुलगा आईबापांस काय व कसे लिहितो हे त्यात वाचावयास मिळते. ज्ञातीतील ज्या घरांतील मुले शिक्षणासाठी परदेशी आहेत त्यांनी ते जुने पुस्तक मिळाल्यास अवश्य वाचावे, एवढे सुचविल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी कामशेत येथे घर केले. पुणे-मुंबई रेल्वेमार्गावर, तळेगाव व लोणावळे यांच्या दरम्यानचे हे मावळातील स्टेशन. त्या घरी जदुनाथ येऊन राहत. या दोघांचा पत्रव्यवहार १९०४ च्या सुमारास सुरू झाला आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालला. जदुनाथांस मराठी साधने हवी असत, सरदेसायांस फारसी साधनांतील मजकूर हवा असे. एकाच्या भाषेतील उणीव दुसऱ्याने भरून काढावी असा हा व्यवहार. तो पुढे कुटुंबांच्या सुखदुःखांपर्यंत गेला. १९४७ साली कलकत्त्याच्या दंगलीत जदुनाथांचा मुलगा मारला गेला. कामशेतच्या वृद्धास त्या दुःखाचे स्वरूप समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. विद्वानांच्या मैत्रीविषयी बरेच लिहिले जाते. पुत्रशोक सोसलेल्या दोन बापांच्या मैत्रीविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

याच काळात, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्यांनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहून पुरा केला (१९४६-४८). पत्नीही त्यांच्या आधी निवर्तल्या. तरीही लेखणी थांबली नाही. ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी जुळवून छापण्याचे किचकट काम त्यांनी अगदी वृद्धापकाळी हातावेगळे केले. आपापल्या कुलवृत्तांतासाठी नावे व पिढ्या जमविताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्या आमच्या वाचकांस या कामाचे मोल निराळे सांगावयास नको. ज्याचा स्वतःचा पुत्रवंश पुढे चालला नाही, त्याने शेकडो परक्या घराण्यांच्या पिढ्या काळजीपूर्वक ओळीने लावून ठेवल्या.

१९५७ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण हा किताब दिला. १९५८ च्या मे महिन्यात जदुनाथ गेले. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेत येथे सरदेसायांचे देहावसान झाले. 'मराठी रियासत' पुढे स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली पॉप्युलर प्रकाशनाने आठ खंडांत पुन्हा छापली.