चर्चेआधी सुटणारी लोकल : उपनगरांतल्या चित्रपट मंडळांची गोष्ट

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच एकाने शंका काढली होती, की घरी सोफ्यावर बसून सिनेमा बघणाऱ्यांचा इतिहास तो काय असणार? त्याला उत्तर द्यायचं तर सुरुवात सोफ्यापासून करून चालत नाही. लोकलपासून करावी लागते.

आम्ही मुलुंड-घाटकोपरकडची दहा-बारा माणसं. महिन्याला एक विषय घेतो, त्यावरचे तीन-चार चित्रपट आपापल्या घरी ओटीटीवर बघतो आणि शेवटच्या रविवारी कुणाच्या तरी घरी बसून बोलतो. आमच्यातले तिघे सत्तरच्या दशकात फिल्म सोसायटीचे सभासद होते. त्यांची एक आठवण सारखी आहे. खेळ असायचे टाउनात किंवा फार तर दादरकडे. संध्याकाळी ऑफिस सुटलं की तिकडे जायचं, दोन तासांचा परदेशी चित्रपट बघायचा, आणि दिवे लागून कुणी बोलायला उभं राहिलं की बोरिवली-मुलुंडवाले पिशव्या उचलायचे. गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात हो, पण सकाळची ठरलेली गाडी चुकवून कसं चालेल? म्हणजे उपनगरातल्या माणसाला चित्रपट मिळायचा, चर्चा मिळायची नाही.

गंमत अशी की चित्रपट तयार होत होता याच उपनगरांत. बॉम्बे टॉकीज १९३४ साली मालाडला उभी राहिली, १९४३ मध्ये फिल्मिस्तान गोरेगावला, प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ अंधेरीला. शूटिंग दाराशी, पण जगाचा सिनेमा बघायचा तर गाडी पकडा, असा हा मामला.

जगाचा सिनेमा इथे आला कसा, ते थोडक्यात बघू. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ सालची. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता त्यात होते, आणि पहिला चित्रपट दाखवला तो आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन'. मुंबईत तसे प्रयत्न त्याच्याही आधी झाले होते, पण ते इंग्रजी वर्तुळापुरते. मोठा धक्का बसला १९५२ च्या जानेवारीत, भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला तेव्हा. डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' तिथे दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. या दोन्हींतलं नातं लपलेलं नाही. मग १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचं फेडरेशन झालं, राय त्याचे अध्यक्ष झाले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. पी. के. नायर यांनी तिथे जमवलेल्या ठेव्यातल्या १६ मिलिमीटरच्या प्रिंट्स गावोगावच्या सोसायट्यांकडे जायच्या. बाकीचा माल वकिलातींकडून मिळे : रशियन, पोलिश, चेक, हंगेरियन. मॅक्स म्युलर भवनाचा तर मोठाच आधार.

मराठी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचं साल १९६८. त्या वर्षी मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकर यांच्यासारख्यांनी ते नेटाने चालवलं. त्याआधी फिल्म सोसायटी म्हटलं की बोलणं इंग्रजीत, हे जणू गृहीतच होतं. बर्गमन आणि कुरोसावावर मराठीत बोलता येतं, भांडता येतं, हे प्रभातने दाखवलं. मंडळाचं 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक त्यातूनच आलं. आमच्या मते हे काम चित्रपट दाखवण्याइतकंच मोठं आहे आणि त्याची नोंद मात्र कमी घेतली जाते.

सगळेच सभासद बर्गमनसाठी यायचे असं मात्र समजू नका. सोसायट्यांना सेन्सॉर न झालेले चित्रपट फक्त सभासदांपुरते दाखवायची सवलत होती. आता 'सेन्सॉर न झालेले' या तीन शब्दांवर किती वर्गणी जमा झाली असेल, ते तुम्हीच ओळखा. चळवळीतली जुनी माणसं हे हसत हसत कबूल करतात.

दुसरं एक छोटं पण महत्त्वाचं अंग यंत्राचं. १६ मिलिमीटरचं मोठं रीळ १६०० फुटांचं, म्हणजे साधारण ४४ मिनिटांचं. प्रोजेक्टर एकच असेल तर रीळ बदलेपर्यंत थांबायचं. त्या चार-पाच मिनिटांत शेजारच्याशी बोलणं व्हायचं, आणि आमचे ज्येष्ठ सांगतात की त्यांच्या वाट्याची खरी चर्चा तेवढीच. उपनगरात याच प्रोजेक्टरचा दुसरा अवतार गणपतीत दिसायचा. गल्लीत आडवा पांढरा पडदा बांधायचा, पुढे गर्दी झाली की उरलेल्यांनी मागे बसायचं. मागच्यांना नावं उलटी दिसायची आणि नायक डावखुरा. पण तिथे सगळी गल्ली एकदम बोलायची, आणि तीही चित्रपट चालू असताना!

१९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आलं, पाठोपाठ व्हिडिओ. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारविजेते चित्रपट घरात दिसायला लागले. वर्गणी कशाला भरायची, असा प्रश्न सभासदांना पडला आणि पुष्कळ सोसायट्या मंदावल्या. मग केबल, मग डीव्हीडी. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ दोन्ही भारतात सुरू झाले, त्याच वर्षी जिओने डेटा स्वस्त केला. टंचाई संपली.

आमचं मंडळ सुरू झालं ते २०२० च्या टाळेबंदीत. झूमची फुकटातली बैठक ४० मिनिटांत तुटायची. पुन्हा लिंक पाठवा, पुन्हा या. जुन्या सभासदांपैकी एक काका म्हणाले, "अरे, हे तर रीळ बदलणंच झालं." पण यात एक उलटापालट झाली होती. पूर्वी चित्रपटाला जायचं आणि चर्चा सोडून यायचं. आता चित्रपट घरी, आणि जमायचं ते केवळ बोलण्यासाठी. लोकल मधून बाजूला झाली होती.

बोलण्यात काय होतं, ते एका महिन्यावरून सांगतो. विषय होता 'मुंबईत घर'. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०), त्यावरूनच बासू चटर्जींनी केलेला 'पिया का घर' (१९७२), भीमसेन यांचा 'घरौंदा' (१९७७) आणि सई परांजपे यांचा 'कथा' (१९८३). पहिल्या दोघांत नवं जोडपं चाळीत एकांत शोधतं, आणि आपण हसतो. 'घरौंदा'त हसू आटतं. अमोल पालेकर आणि झरीना वहाब फ्लॅटसाठी पै-पै साठवतात, बिल्डर बुडवतो, आणि नायक प्रेयसीला सुचवतो की आजारी, श्रीमंत साहेबाशी लग्न कर. साहेब म्हणजे डॉ. श्रीराम लागू.

आम्हाला वाटलं होतं, सगळे नायकाला झोडपणार. तसं झालं नाही. लालबागच्या खोलीतून १९७६ साली मुलुंडला आलेले काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, बुकिंगचे पैसे भरायला त्यांनी बायकोचे दागिने मोडले होते, आणि ते तिला 'सुचवलं' होतं की 'सांगितलं' होतं, हे त्यांना आज नीट आठवत नाही. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला आठवतंय." पुढे त्या काहीच बोलल्या नाहीत. भाड्याच्या घरात दोन मैत्रिणींबरोबर राहणारी आमच्यातली एक मुलगी नंतर म्हणाली, की तिने हा चित्रपट एकटीने पाहिला तेव्हा तो बिल्डरबद्दल होता. त्या संध्याकाळी कुणाला लोकल पकडायची नव्हती.

आता अडचणी. ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं. आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून तो चित्रपट सगळ्यांना दाखवला तर ते सार्वजनिक प्रदर्शन होतं आणि त्याला परवानगी लागते. सोसायटीच्या सचिवांनी हॉल देऊ केला होता, आम्ही नाही म्हटलं. त्याचा परिणाम असा, की एका विषयाचे चार चित्रपट तीन वेगवेगळ्या सेवांवर असतात आणि तिन्हींची वर्गणी प्रत्येकाने आपापली भरायची. पेन्शनवर असलेले दोन सभासद अशाने यायचे थांबले. एकाच वर्गणीत सगळ्यांना एकच प्रिंट, हा जुन्या सोसायटीचा साधा न्याय आपण गमावला आहे, आणि यावर आमच्याकडे तोडगा नाही. दुसरं, हक्कांची मुदत संपली की चित्रपट सेवेवरून जातो. एका महिन्यात तिसरा चित्रपट बैठकीच्या आदल्या दिवशी नाहीसा झाला. ज्यांनी पाहिला होता त्यांनी न पाहिलेल्यांना तो तोंडी सांगितला, तासभर. संग्रहालयातली प्रिंट मागवायला महिना लागला तरी ती तिथे असायची.

ऑनलाइन ऐकणाऱ्या मंडळींसाठी एक अवांतर. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मध्ये नायक रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकल चालवत जुनी ध्वनिमुद्रित व्याख्यानं ऐकतो. आवाज सुमित्रा भावे यांचा. तो त्या आवाजाला प्रश्न विचारू शकत नाही, आणि तिथेच त्याचं अडतं. आम्ही तो चित्रपट 'गुरू' या विषयात घेतला होता आणि त्यावर तीन तास बोललो. त्यातले दोन तास संगीतावर, जे आमच्यापैकी एकालाच कळतं.

पुढच्या महिन्याचा विषय 'लोकल' आहे. पायल कपाडिया यांचा 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट' आणि रितेश बत्रा यांचा 'द लंचबॉक्स' नक्की झाले आहेत. तिसऱ्यावर वाद चालू आहे. पेन्शनवाल्या दोघांकडे कुणी चित्रपट बघायला बोलवायचं, तेही ठरायचं आहे. घरी चार पाहुणे बोलावले तर ते सार्वजनिक प्रदर्शन होतं का, हे इथे कुणी वकील असतील तर त्यांनी सांगावं. आता प्रश्न घेऊ.