खिशांतील शस्त्र

किहीमला माझ्या एका जुन्या स्नेह्यांनीं नारळीच्या वाडींत घर बांधलें आहे. निवृत्तीनंतर ते सपत्नीक तेथें राहूं लागले, त्याला आतां सहा वर्षें झालीं. गेल्या पावसाळ्यांत शेजारच्या बंद बंगल्याचें मागचें दार फोडून चोरी झाली, आणि पंधरा दिवसांनीं मला त्यांचें पत्र आलें. पत्रांत प्रश्न एकच होता. खिशांत मावेल आणि सदऱ्याखालून दिसणार नाहीं असें लहानसें रिव्हॉल्व्हर घ्यावयाचें, तर तें दोन इंची नळीचें घ्यावें कीं तीन इंची? असला प्रश्न बंदुकांच्या दुकानदारास न विचारतां इतिहासाच्या अध्यापकास कां विचारावा, हें वाचकांप्रमाणें मलाही कळलें नाहीं. त्याचा खुलासा तळटीपेंत होता : "जन्मभर तूं दुसऱ्यांच्या लढाया शिकवल्यास. एका शस्त्राविषयीं तरी तुला सांगतां आलें पाहिजे."

दिवाळीच्या सुटींत मी किहीमला गेलों तो थोडें वाचन करून गेलों. त्या वाचनानें प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं, प्रश्नच बदलला.

फिरत्या कोठ्यांचें पिस्तूल प्रथम प्रचारांत आणलें तें अमेरिकेंतील सॅम्युअल कोल्ट यानें. त्याचें अमेरिकन पेटंट १८३६ चें. परंतु तीं पहिलीं शस्त्रें बहुधा कमरेला उघडीं लटकवावयाचीं किंवा घोड्याच्या खोगिराला अडकवावयाचीं. खिशाची सोय पाहून केलेलें जें रिव्हॉल्व्हर जगभर पसरलें, तें बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचें १८७२ च्या सुमाराचें 'बुलडॉग'. अडीच इंचांची नळी, पांच कोठ्या, आणि मुठींत दडेल एवढा आकार. पुढें १८८७ त स्मिथ आणि वेसन या अमेरिकन कारखान्यानें घोडा आंत झांकलेलें रिव्हॉल्व्हर काढलें. हेतु हा कीं खिशांतून ओढतांना तें कापडांत अडकूं नये. या सुधारणांचा क्रम पाहिला म्हणजे गंमत वाटते. कारागिराची अर्धी बुद्धि गोळीसाठीं खर्च झाली आहे आणि अर्धी शिंप्यासाठीं! मात्र जें जें खिशाच्या सोयीचें तें तें नेमाच्या गैरसोयीचें. नळी आंखूड झाली कीं नेम चुकतो, वजन घटलें कीं धक्का वाढतो, आणि घोडा झांकला कीं चाप जड होतो. दहा पावलांपलीकडे अशा शस्त्राचा भरंवसा कसलेल्या माणसानेंच धरावा. म्हणजे खिशांतील रिव्हॉल्व्हर हें मुळांतच जवळ आलेल्या माणसासाठीं आहे, आणि जो न संशय येतां जवळ येतो त्यालाच तें खरें उपयोगी पडतें.

बुलडॉगची अपकीर्ति झाली ती यामुळेंच. २ जुलै १८८१ रोजीं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनांत अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर पाठीमागून गोळ्या झाडल्या गेल्या त्या बुलडॉगमधून. वीस वर्षांनीं, ६ सप्टेंबर १९०१ रोजीं, बफेलो येथें अध्यक्ष मॅकिन्ली लोकांशीं हस्तांदोलन करीत उभे असतां एक इसम हाताला रुमाल गुंडाळून रांगेंत आला. हात दुखावला असेल असें रक्षकांस वाटलें. रुमालांत बत्तीस बोअरचें लहानसें रिव्हॉल्व्हर होतें. भोंवतीं शस्त्रधारी रक्षक असूनही त्यांचीं शस्त्रें पहिल्या दोन गोळ्या सुटेपर्यंत कामीं आलीं नाहींत.

आपल्याकडे या शस्त्राचा इतिहास कायद्याच्या छायेंत वाढला. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ च्या कायद्यानें हिंदी माणसाला परवान्यावांचून हत्यार बाळगणें गुन्हा ठरला, आणि युरोपियनांस मात्र सूट राहिली. साहेबाच्या खिशांतील रिव्हॉल्व्हर हें स्वसंरक्षण आणि आमच्या खिशांतील तें कट, असा हा न्याय होता. तेव्हां आमच्या तरुणांना शस्त्र निवडतांना तें कसें लपेल हाच पहिला विचार करणें भाग पडलें. १९०९ च्या आरंभीं लंडनच्या 'इंडिया हाउस'मधून वि. दा. सावरकर यांनीं चतुर्भुज अमीन या आचाऱ्याबरोबर वीस पिस्तुलें हिंदुस्थानांत पाठविलीं, तीं पेटीला खोटा तळ बसवून. तीं रिव्हॉल्व्हरें नव्हतीं. ब्राउनिंगचीं स्वयंचलित पिस्तुलें होतीं. रिव्हॉल्व्हरची कोठी दोन्ही बाजूंनीं फुगीर असते, ब्राउनिंग चपटें. पेटीच्या दुहेरी तळांत वीस नग बसवावयाचे असतील तर दुसरी निवड सुचणें कठीण.

त्यांतील एक पिस्तूल २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत उडालें. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती. त्यांच्या सन्मानार्थ 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवला होता. बाबाराव सावरकरांना त्याच वर्षीं जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि तिला कारण झाल्याचा राग या संस्कृतज्ञ कलेक्टरावर होता. सतरा-अठरा वर्षांचा अनंत कान्हेरे दाराजवळ बसला होता. जॅक्सन आंत आले आणि दोन हातांवरून गोळ्या सुटल्या. कान्हेरे तेथेंच पकडला गेला. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत तो, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे असे तिघे फांशीं गेले. या प्रकरणाची नीति-अनीति येथें तोलावयाची नाहीं. मला येथें एवढेंच पाहावयाचें आहे कीं जॅक्सनच्या खिशांत उत्तमांतलें उत्तम रिव्हॉल्व्हर असतें तरी काय झालें असतें? सत्कार स्वीकारण्यास जाणारा माणूस खिशांत हात घालून चालत नाहीं.

दुसरा प्रसंग आम्हां शिक्षकांच्या अधिक जवळचा, कारण तो ग्रंथालयांत घडला. फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयांत मी अनेक वेळां बसलों आहें, आणि तेथील शांततेंत २२ जुलै १९३१ चा दिवस आठवल्यावांचून राहिलों नाहीं. मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉट्सन ग्रंथालय पाहावयास आले असतां वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानें अगदीं जवळून त्यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडलें. १९३० चा सोलापूरचा लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना झालेली फांशी हें त्यामागचें कारण. हॉट्सन वांचले. कोणी म्हणतात त्यांच्या अंगांत चिलखत होतें; इंग्रजी वृत्तान्त म्हणतात कीं गोळी छातीवरच्या खिशांतील पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली. कांहीं असो, वांचवलें तें कापडाखालच्या धातूनें, आणि त्यानंतर हॉट्सन यांनीं स्वतःच गोगट्यांवर झडप घातली ती रिकाम्या हातांनीं.

हें सारें मी स्नेह्यांना समुद्रावर फिरतां फिरतां सांगितलें. ओहोटी होती, आणि थळच्या बाजूला खांदेरी-उंदेरी स्पष्ट दिसत होत्या. खांदेरी पाहून मराठी माणसाला जें सुचावें तेंच त्यांना सुचलें. "आणि प्रतापगड?" ते म्हणाले, "महाराजांचा बिचवा अस्तनींत लपविलेलाच होता ना? वाघनखें मुठींतच होतीं ना?"

आक्षेप खरा होता. त्यासाठीं सभासदाची बखर पुन्हां उघडावी लागते. ती १६९७ च्या सुमाराची, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीनंतर अडतीस वर्षांनीं, पण महाराजांच्या पदरच्या माणसानें लिहिलेली. तिच्यांतील क्रम लक्षपूर्वक पाहावा. खानानें महाराजांची मान कवटाळली आणि कट्यारीचा वार केला, तो आंतल्या कुडतीवर खरखरून निघून गेला. बिचवा आणि वाघनखें त्यानंतर चाललीं. चिलखत नसतें तर अस्तनींतील बिचवा अस्तनींतच राहता. शिवाय महाराज त्या शामियान्यांत शिरले ते दगा होणार हें धरून. रानांत फौज दबा धरून बसली होती, आणि शेजारीं जिवा महाला व संभाजी कावजी होते. सय्यद बंडाचा हात उठला तेव्हां तो छाटला जिवा महालानें. 'होता जिवा म्हणून वांचला शिवा' ही म्हण घरोघरीं आहे. बिचव्याची अशी म्हण कोणी केली नाहीं. लोकांच्या स्मरणांत राहिला तो शेजारीं उभा असलेला माणूस.

यावर स्नेही कांहीं वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं दुसरी बाजू मांडली, आणि ती मला सहज झटकून टाकतां आली नाहीं. माझीं सारीं उदाहरणें ठरवून केलेल्या हल्ल्यांचीं होतीं; चोर हा कांहीं गोळी झाडण्यास येत नाहीं, तो शस्त्र पाहून पळतोही. कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ त 'निर्भीक' नांवाचें बत्तीस बोअरचें अवघें अर्धा किलो वजनाचें रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या रक्षणासाठीं म्हणून काढलें, तें काय उगीच? मीं कबूल केलें कीं एकटी-दुकटी बाई अंधाऱ्या रस्त्यानें जात असतां तिला इतिहासाचे दाखले पुरणार नाहींत. पण २०१४ त त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, वर १९५९ च्या कायद्याचा परवाना. हें अंधाऱ्या रस्त्यानें पायीं जाणाऱ्या कितीजणींना साधेल? आणि आपल्या प्रश्नापुरतें म्हणावयाचें तर शेजारचा बंगला फुटला तेव्हां तो रिकामा होता. त्यांत रिव्हॉल्व्हर असतें तर तेंही गेलें असतें. राहतां राहिला लपविण्याचा प्रश्न. वैशाखांत किहीमला माणूस अंगावर बनियनही ठेवूं शकत नाहीं. शस्त्र झांकावयाचें कशाखालीं?

"म्हणजे मीं आतां चिलखत घालून झोपावें," ते म्हणाले, "आणि जिवा महाला कोठून आणूं?"

उत्तर वहिनींनीं दिलें. त्या पडवींत लसूण सोलीत बसल्या होत्या आणि आमचें सारें ऐकत होत्या. "मागची खोली नुसती अडगळीनें भरली आहे. वाडीच्या गड्यानें पावसाळ्याच्या आधींपासून मागितली आहे. त्याची बायको-पोरें येतील, दिवा जळेल, दारापाशीं माणसांचा वावर राहील. तुम्हीच उद्यां-उद्यां करतां."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघांनीं ती खोली मोकळी केली. जुनीं मासिकें, फुटक्या कुंड्या, एक मोडकी आरामखुर्ची, आणि सर्वांत खालीं त्यांच्या मुलाची लहानपणची छऱ्यांची बंदूक. खाऱ्या हवेनें नळी तांबडी झाली होती. स्नेह्यांनीं ती खांद्याला लावून पाहिली. चाप हलेना. त्यांनीं ती भंगाराच्या ढिगावर ठेवली आणि दाराच्या कडीला तेल आणण्यासाठीं ते आंत गेले.