कॅलिबर उघडत नाही? आधी पुस्तकांचं फोल्डर सांभाळा, मग दुरुस्ती करा

रात्री जेवणं आटोपून वाचायला बसावं, कॉम्प्युटरवर कॅलिबरच्या चिन्हावर दोनदा क्लिक करावं, माऊसचा बाण क्षणभर गोल फिरावा आणि पुढे काहीच होऊ नये. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. ई-पुस्तकं वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी हे अनुभवलं असेल. दुरुस्ती बहुतेक वेळा सोपी असते. नुकसान होतं ते घाईघाईत भलतंच फोल्डर डिलीट केल्यामुळे.

बेळगाव, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबादला हवं ते मराठी पुस्तक दुकानात मिळेलच असं नाही. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर ठेवलेले जुने ग्रंथ, कुणी मित्राने पाठवलेली ई-पब फाइल असं करत करत संग्रह वाढत जातो. तो पुन्हा जमवायचा म्हटलं तर वर्षं जातात. म्हणून पुढची माहिती दिलेल्या क्रमानेच वापरा. ती विंडोज असलेल्या कॉम्प्युटरसाठी आहे.

सारख्या नावांची तीन फोल्डर

कॅलिबर हे कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेलं मोफत सॉफ्टवेअर. ते कॉम्प्युटरवर तीन वेगळ्या जागा वापरतं. घोटाळा होतो तो इथेच.

- कॅलिबर लायब्ररी: तुमची पुस्तकं यात असतात. वेगळी जागा निवडली नसेल तर हे फोल्डर सी ड्राइव्हवर 'यूजर्स'मध्ये, तुमच्या नावाच्या फोल्डरात सापडतं. आत 'मेटाडेटा डॉट डीबी' नावाची फाइल असते, हीच त्याची खूण. हे कधीही डिलीट करायचं नाही.
- कॅलिबर २: 'प्रोग्रॅम फाइल्स'मधलं हे फोल्डर म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर. काढून पुन्हा टाकता येतं.
- कॅलिबर: 'ॲपडेटा'च्या आत 'रोमिंग'मध्ये असतं. यात सेटिंग्ज आणि प्लगइन असतात. गेलं तर सेटिंग्ज पुन्हा कराव्या लागतील, पण पुस्तकं शाबूत राहतात.

काहीही करण्याआधी पहिलं फोल्डर पूर्णच्या पूर्ण पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर त्यातली एक-दोन पुस्तकं उघडून बघा. एवढं झालं की पुढे बिनधास्त प्रयोग करता येतात.

आता पायरी पायरीने

१. ते आधीच चालू आहे का? कधी कधी खिडकी बंद केली तरी कॅलिबर मागे चालूच राहतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. यादीत कॅलिबर दिसलं तर त्यावर क्लिक करून 'एंड टास्क' करा आणि पुन्हा उघडून बघा. तरी नाही, तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

२. खिडकी पडद्याबाहेर गेली आहे का? शाळेत प्रोजेक्टर किंवा घरी टीव्ही जोडून मग काढला असेल, तर खिडकी त्या दुसऱ्या पडद्याच्या जागी उघडत राहते. खालच्या पट्टीवर चिन्ह दिसतं, समोर मात्र काही नाही. चिन्हावर एकदा क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम दाबा, बाणाची एखादी कळ दाबा आणि माऊस हलवा. हरवलेली खिडकी बाणाबरोबर आत येते.

३. पुस्तकांची डिस्क जोडलेली आहे का? लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर असेल आणि डिस्क जोडायची राहिली, किंवा तिचं अक्षर ई ऐवजी एफ झालं, तर कॅलिबर लायब्ररी सापडत नसल्याचं सांगून नवी जागा विचारतं. इथे घाईने नवी रिकामी लायब्ररी बनवू नका. तसं केलं की रिकामी यादी समोर येते आणि पुस्तकं गेली असं वाटून पोटात गोळा येतो. डिस्क जोडा आणि 'मेटाडेटा डॉट डीबी' असलेलं जुनंच फोल्डर दाखवा.

४. फोल्डरचं नाव देवनागरीत आहे का? आपल्या वाचकांनी हे नक्की तपासावं. लायब्ररीच्या वाटेत 'माझी पुस्तके' असं मराठी नाव असेल, किंवा नुसते आकडे असतील, तर पहिल्यांदा सुरू होताना कॅलिबर अडखळू शकतं. सी ड्राइव्हवर रोमन अक्षरांत साधं, छोटं नाव असलेलं फोल्डर करा आणि लायब्ररी तिथे ठेवा. पुस्तकांची नावं मराठीत असायला काहीच हरकत नाही. वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्ससारख्या आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरातही लायब्ररी ठेवू नका. दोघांनी एकाच वेळी फाइलला हात लावला की यादी बिघडू शकते.

५. विंडोज जुनं आहे का? २०२२ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून कॅलिबर ३२-बिट कॉम्प्युटरवर आणि विंडोज ८ वर चालत नाही. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', मग 'अबाउट' इथे आपलं विंडोज कुठलं आणि किती बिटचं ते कळतं. तुमचं ३२-बिट किंवा विंडोज ८ असेल, तर कॅलिबरच्याच संकेतस्थळावरून ५.४४ ही जुनी आवृत्ती घ्या. दुसऱ्या कुठल्या साइटवरून घेऊ नका.

६. अपडेटनंतर बंद पडलं का? सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा, 'प्रोग्रॅम फाइल्स'मधलं कॅलिबर २ हे फोल्डर उरलं असेल तर काढा आणि नवं इन्स्टॉल करा. अनइन्स्टॉल केल्याने लायब्ररी जात नाही.

७. सेटिंग्ज बिघडल्या आहेत का? 'रोमिंग'मधल्या कॅलिबर फोल्डरचं नाव बदलून ठेवा, पुसू नका. आता कॅलिबर नव्याने बसवल्यासारखं सुरू होईल आणि लायब्ररीची जागा विचारेल. जुनं फोल्डर दाखवा.

तरीही हटून बसलं तर

विंडोजची कळ आणि आर दाबा, चौकटीत सीएमडी टाइप करून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. तिथे रोमन अक्षरांत कॅलिबर (सी-ए-एल-आय-बी-आर-ई), हायफन, डीबग, मग एक जागा सोडून हायफन आणि जी असं टाइप करा. कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी विंडोजची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर आणा. आता कॅलिबर उघडायला कुठे अडतं ते त्या खिडकीत उमटतं. त्याचा फोटो काढून जाणकाराला दाखवा. "उघडतच नाही हो" म्हणण्यापेक्षा त्या चार ओळी जास्त कामाच्या.

सुरू होताना लायब्ररीची यादी खराब झाल्याचं सांगून ती पुन्हा बांधू का असं विचारलं, तर कॉपी हाताशी असल्याची खात्री करून 'हो' म्हणा. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात त्याची माहिती वेगळी लिहून ठेवलेली असते, तिच्यावरून यादी परत तयार होते.

तोवर वाचन थांबवू नका

लायब्ररीत लेखकांच्या नावांची फोल्डर असतात आणि त्यांत नेहमीच्या फाइली. पीडीएफ कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. ई-पबसाठी थोरियम रीडर हे मोफत ॲप आहे. एज ब्राउझरमध्ये पूर्वी ई-पब उघडायचं, ती सोय २०१९ साली बंद झाली. मात्र लायब्ररीच्या आत फाइलींची नावं बदलू नका किंवा त्या इकडे-तिकडे हलवू नका, नाहीतर कॅलिबरला त्या सापडणार नाहीत. वाचायची फाइल बाहेर कॉपी करून घ्या.

आणि दुरुस्तीला कॉम्प्युटर दुकानात देणार असाल, तर "फॉरमॅट मारू का?" या प्रश्नाला मान हलवण्याआधी पुस्तकांची कॉपी आपल्या खिशात आहे ना, ते बघा.