शिधा माणसाबरोबर चालतो का?

कल्याणहून बदलापूरकडे जाताना विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर लागतं. आपण तिथे स्वस्त कपड्यांसाठी उतरतो. पण ते शहर वसलं फाळणीमुळे.

दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख माणसांना त्या बराकींत ठेवलं. मध्ये गोणपाटाचे पडदे, अलीकडे-पलीकडे संसार. शिधा सरकारचा. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नव्या शहराची कोनशिला बसवली. नाव उल्हास नदीवरून पडलं.

याच काळात नियम बदलत होते. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला परवाना लागू लागला. राज्यघटनेनेही १९ जुलै १९४८ हीच तारीख धरली. त्याआधी येऊन इथेच राहिलेला आपोआप नागरिक. नंतर आलेल्याने सहा महिने राहून अर्ज करायचा, नोंद करून घ्यायची. म्हणजे आधी आलेली थोरली जाऊ निर्धास्त आणि मागून आलेल्या धाकटीला हेलपाटे!

फुकट शिधाही सरकारने हळूहळू बंद केला. धडधाकट माणसाने कमवून खावं, हे धोरण. निराधार बायका आणि म्हाताऱ्यांसाठी तेवढी वेगळी सोय. मग बायकांनी पापड लाटून विकायला काढले. आज त्या सिंधी पापडाचं कौतुक होतं, तेव्हा ती हौस नव्हती.

तो शिधा छावणीला बांधलेला होता. पुढे आपलं रेशन कार्डही तसंच गावाला बांधलं गेलं. मुरबाड-शहापूरची कुटुंबं दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. कार्ड गावात, पोट भट्टीवर, तांदूळ बाजारभावाने. १ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रासह १२ राज्यांत ‘एक देश, एक रेशन कार्ड’ सुरू झालं. कार्डाला आधार जोडलेला असेल तर दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या राज्याच्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. थोडं आपण इथे घेतलं, उरलेलं गावी सासूने घेतलं, तरी चालतं.

तरीही बायका मागायला जात नाहीत. आमच्या गटातली एक जण दोन महिने भट्टीजवळच्या दुकानावरून नुसती येत-जात होती. “इथे अंगठा दिला तर गावचं नाव कापतील,” म्हणायची. इतके नियम बदललेले पाहिल्यावर भीती वाटणारच. पण अंगठा दुसरीकडे दिला म्हणून नाव कापत नाहीत. हे आम्ही तिला सांगितलं तोवर होळी आली होती, आणि भट्टीचा निम्मा हंगाम विकतच्या तांदळावर गेला होता.